लिनक्स, पण कोणाच्या हातचं?

सात-आठ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप. बिजागरी शाबूत, कीबोर्ड ठीक, बॅटरी दीडेक तास तग धरते. त्यावर विंडोज १० गुण्यागोविंदानं नांदत होतं. मग मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला त्या आवृत्तीचा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ घ्यायला जावं, तर पडद्यावर पाटी : हा संगणक पात्र नाही. का, तर त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, किंवा प्रोसेसर कंपनीच्या यादीतला नाही. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. यंत्र धडधाकट आहे, यादीत तेवढं नाव नाही. अशा वेळी घरातला एखादा इंजिनिअरिंगचा भाचा हमखास म्हणतो, "मामा, टाकून कशाला देता? लिनक्स टाका त्यावर."

मामा तयार होतात. फुकट म्हटल्यावर कोण होणार नाही? "बरं, कुठून उतरवू?" असं ते विचारतात आणि भाचा अडखळतो. उबुंटू सांगावं की मिंट? कॉलेजात फेडोरा आहे. हॉस्टेलमधला मित्र आर्चशिवाय दुसरं नाव घेत नाही. विंडोज एका कंपनीचं एक, मॅक एका कंपनीचं एक. मग लिनक्सच शेकड्यांनी कशी? आणि सगळी फुकट, सगळ्यांत तोच फायरफॉक्स आणि तेच लिब्रेऑफिस, तर एकीत नि दुसरीत फरक तो काय?

बहुतेक जण याचं उत्तर चित्रं पाहून शोधतात. कुठल्याचा पडदा देखणा, कुठल्याचे आयकॉन गोल. मला ही पद्धत मुळीच पटत नाही, कारण पडद्याचं रूप नंतर अर्ध्या तासात पालटता येतं. जे सहजी पालटत नाही ते पाहून निवड करावी : हे सगळं जमवून, तपासून, दुरुस्त करून तुमच्यापर्यंत पोचवणारी माणसं कोण आहेत, ती किती दिवसांनी काय पाठवतात आणि किती वर्षं पाठवत राहतील.

गाभा एक, खानावळी अनेक

लिनक्स हे नाव खरं पाहता एकाच भागाचं. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपण एक छोटी संगणकप्रणाली लिहीत असल्याचं जाहीर केलं. त्यातून वाढला तो कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरचा वेळ कोणाला, डिस्कवर कोणी कुठे लिहायचं, कळ दाबली गेली ती कोणत्या प्रोग्रॅमला कळवायची, ही कामं कर्नलची. पण नुसता कर्नल चालू केलात तर पडद्यावर कामाचं काहीच दिसणार नाही. फाइली हलवणारी साधनं, खिडक्या आणि मेनू, फाँट, ब्राउझर, आवाजाची व्यवस्था हे सगळं निराळ्या लोकांनी निराळ्या ठिकाणी लिहिलेलं आहे. त्यातली बरीच मूळ साधनं रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली.

आणि यातला प्रत्येक गट आपापल्या तालावर चालतो. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते, ब्राउझरची त्याहून लवकर, ऑफिसची सहा महिन्यांनी. हे हजारो तुकडे एकमेकांना पटतील अशा आवृत्त्या निवडून एकत्र बांधायचे आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांची निगा राखायची, हे काम जो करतो त्याच्या बांधणीला डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. बोलीत डिस्ट्रो.

पुण्यातल्या मेसचंच पाहा. डाळ, तांदूळ, भाजी सगळ्यांचीच मार्केट यार्डातून येते. तरी एकीचं जेवण दुसरीसारखं नसतं. माल कोण निवडतं, निवडताना किती चोखंदळ असतं, पोळी तव्यावरून थेट ताटात पडते की सकाळी भरलेल्या डब्यातून येते, भाजी खराब निघाली तर कोण बदलून देतं आणि मालक उद्या मेस बंद करून गावी तर जाणार नाही ना, यावर सगळं ठरतं. डिस्ट्रोची निवड म्हणजे अशी मेस लावणं.

'इन्स्टॉल' दाबल्यावर काय होतं

व्हीएलसी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम घ्या. विंडोजवर तो हवा असेल तर आपण वेबसाइट शोधतो, एक फाइल उतरवतो, तिच्यावर टिचकी मारतो आणि 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत पुढे जातो. वेबसाइट खरी होती की नावसाधर्म्याचा फायदा घेणारी, हे आपलं आपण पाहायचं.

लिनक्समध्ये प्रत्येक डिस्ट्रोचं स्वतःचं कोठार असतं. त्याला रेपॉझिटरी म्हणतात. तिथे प्रत्येक प्रोग्रॅम एका ठरावीक पद्धतीच्या गाठोड्यात, म्हणजे पॅकेजमध्ये बांधून ठेवलेला असतो. तुम्ही सॉफ्टवेअरच्या खिडकीत व्हीएलसी शोधून 'इन्स्टॉल' दाबलंत की तुमच्या संगणकातला पॅकेज मॅनेजर आपल्याकडची कोठाराची यादी उघडतो. व्हीएलसीला चालायला आणखी कोणकोणती पॅकेजं लागतात ते यादीत लिहिलेलं असतं. त्यातली जी तुमच्याकडे नाहीत तेवढीच तो मागवतो. प्रत्येक पॅकेजचा एक गणिती ठसा यादीत नोंदलेला असतो. आलेल्या फाइलचा ठसा त्याच्याशी जुळला नाही, तर ते पॅकेज बाहेरच राहतं. आणि यादी खरी कशावरून? तिच्यावर डिस्ट्रोची डिजिटल सही असते आणि सही पडताळण्याची किल्ली पहिल्या दिवसापासून तुमच्या संगणकात असते. हे सगळं जुळलं की फाइली जागच्या जागी ठेवल्या जातात आणि मेनूत व्हीएलसीचं नाव उगवतं. मिनिटभराचं काम.

खरी गंमत पुढे आहे. रोज, आठवड्याला जी अपडेट येतात ती नुसत्या प्रणालीची नसतात. ब्राउझर, ऑफिस, फोटो पाहायचा प्रोग्रॅम, कोठारातून आलेलं सगळं एकाच खिडकीतून एकाच वेळी ताजं होतं. म्हणजे संगणकातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट एकाच स्वयंपाकघरातून येते. म्हणून स्वयंपाकी कोण हा प्रश्न एवढा मोठा.

घराणी मोजकीच

नावं शेकडो असली तरी घराणी बोटांवर मोजण्याइतकी. सर्वांत मोठं डेबियनचं. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही, स्वयंसेवक चालवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ च्या कोठारात जवळपास ७० हजार पॅकेजं आहेत. या कोठारावर दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ यांनी २००४ मध्ये उबुंटू उभं केलं. उबुंटूच्या सीडी तेव्हा जगभर टपालानं फुकट यायच्या. २०११ पर्यंत ती सोय होती आणि इथल्या बऱ्याच विद्यार्थ्यांची लिनक्सशी ओळख त्या पाकिटातूनच झाली. उबुंटूवर पुढे २००६ मध्ये मिंट आलं. मिंट बहुतेक पॅकेजं थेट उबुंटूच्या कोठारातून घेतं आणि वर आपला मेनू, आपला अपडेट मॅनेजर, आपली थोडी साधनं घालतं.

ही वंशावळ नुसती माहितीसाठी नाही, तिचा रोजच्या वापरात उपयोग होतो. उबुंटूवर प्रिंटर कसा जोडायचा हे कोणी लिहून ठेवलं असेल, तर तोच उपाय मिंटवर बहुधा जसाच्या तसा चालतो. एखादी कंपनी आपला प्रोग्रॅम लिनक्ससाठी देते तेव्हा डेबियन घराण्याचं 'डेब' पॅकेज सहसा आधी असतं, रेड हॅट या कंपनीच्या घराण्याचं 'आरपीएम' त्याच्या जोडीला. फेडोरा हे रेड हॅटकडचं. सुसे हे मूळचं जर्मन घराणं. आर्च २००२ पासूनचं, स्वतंत्र आणि हातानं सगळं मांडणाऱ्यांचं. आपल्या सी-डॅकनं २००७ मध्ये आणलेलं बॉस हे डेबियनच्याच वळणाचं. केरळच्या सरकारी शाळांतली प्रणाली उबुंटूवर बेतलेली. केरळचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. तिथे लिनक्स रुजलं, कारण शेजारच्या वर्गातल्या शिक्षकाकडेही तेच होतं आणि अडलं तर त्याला विचारता येत होतं.

ताजं की मुरलेलं

आता खरा निवडीचा मुद्दा. नव्या आवृत्त्या किती लवकर तुमच्या ताटात याव्यात?

डेबियनमध्ये नवं पॅकेज आधी 'सिड' नावाच्या शाखेत येतं. (डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात. त्यात खेळणी मोडणारा शेजारचा मुलगा म्हणजे सिड. नाव विचारपूर्वक ठेवलंय.) तिथे काही दिवस ठेवून मोठी चूक सापडली नाही, तर ते 'टेस्टिंग' शाखेत जातं. साधारण दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात, नवं काही घेत नाहीत, उरलेल्या चुका निस्तरतात आणि मग 'स्टेबल' म्हणून बाहेर काढतात. त्यानंतर स्टेबलमध्ये मोजके अपवाद सोडले तर आवृत्ती बदलत नाही.

मग सुरक्षेचं काय? समजा स्टेबलमध्ये एका प्रोग्रॅमची पाचवी आवृत्ती आहे आणि त्यात भोक सापडलं. मूळ लेखकानं ते आठव्या आवृत्तीत बुजवलं. डेबियनची माणसं आठवी आवृत्ती आणत नाहीत. त्यातला नेमका भोक बुजवणारा बदल काढून घेतात आणि पाचवीत बसवून देतात. आकडा जुनाच दिसतो, पण दुरुस्ती झालेली असते. याला बॅकपोर्ट म्हणतात. 'तुमच्याकडचं सॉफ्टवेअर किती जुनं!' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना पुष्कळदा हे ठाऊक नसतं. हे काम किचकट आहे, त्यात नाव मिळत नाही, आणि मोठ्या डिस्ट्रोत आणि चार दिवसांच्या हौशी डिस्ट्रोत खरा फरक इथेच पडतो.

उबुंटूची पद्धत वेळापत्रकाची. आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना : २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. सम वर्षातल्या एप्रिलमधली आवृत्ती एलटीएस, म्हणजे लांब पाठिंब्याची. तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मधल्या सहामाही आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. इथे नवखी माणसं हमखास फसतात. २५.१० हा आकडा २४.०४ पेक्षा मोठा, म्हणून चांगला असणार असं वाटतं. पण २४.०४ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहतील आणि २५.१० चा पाठिंबा वर्षही भरत नाही. उतरवताना एलटीएस ही अक्षरं पाहूनच बटण दाबावं. मिंटमध्ये हा गोंधळ होत नाही, कारण त्याची मुख्य आवृत्ती एलटीएसवरच बेतलेली असते. फेडोरा मधल्या चालीचं : सहा महिन्यांनी नवं, प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिने. म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठी उडी घ्यायची तयारी हवी. आर्च आणि ओपनसुसेचं टम्बलवीड यांत आवृत्तीच नाही. जे तयार होईल ते लगेच येत राहतं. याला रोलिंग म्हणतात. तव्यावरून थेट ताटात.

ताज्याचा मोह मोठा असतो, पण मार्च २०२४ मध्ये काय झालं ते पाहण्यासारखं आहे. आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते डेबियनच्या नव्या शाखेवर काही चाचण्या घेत होते. दूरच्या संगणकात शिरण्याचा एसएसएच हा प्रोग्रॅम नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त घेतोय असं त्यांच्या लक्षात आलं. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केलं असतं. त्यांनी माग काढला, तो 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या साधनापाशी जाऊन पोचला. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता आणि बसवणाऱ्यानं त्याआधी दोनेक वर्षं प्रामाणिक मदतनीस म्हणून विश्वास मिळवला होता. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी हे उघड केलं. तोवर त्या आवृत्त्या डेबियनच्या सिड आणि टेस्टिंगमध्ये, फेडोराच्या प्रायोगिक शाखेत, टम्बलवीडमध्ये आणि आर्चमध्ये पोचल्या होत्या. डेबियन स्टेबल आणि उबुंटू एलटीएस वापरणाऱ्यांपर्यंत त्या आल्याच नव्हत्या.

यावरून ताजं ते वाईट असं ठरत नाही. ताज्या शाखा वापरणारी माणसं होती म्हणून तर चोरी सापडली. पण ती राखण आपल्या घरच्या, वीजबिल भरायच्या संगणकानं करायची गरज नाही.

पडद्याचं रूप

खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, खिडक्यांची बटणं कुठे, हे ठरवणाऱ्या भागाला डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट म्हणतात. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई ही त्यातली मोठी नावं. एकाच डिस्ट्रोवर यातलं कोणतंही बसतं. विंडोजची सवय असेल तर सिनॅमन किंवा प्लाझ्मात पहिल्या दिवसापासून चुकल्यासारखं होत नाही. ग्नोमची रीत वेगळी आहे. काहींना आठवड्यात आवडते, काहींना कधीच नाही. एक्सएफसीई हलकं.

हलक्याबद्दल एक गैरसमज मात्र घट्ट आहे. ४ जीबी मेमरीच्या संगणकावर एक्सएफसीई टाकलं की तो वाऱ्यासारखा पळेल, असं सांगितलं जातं. पडदा हलका होतो हे खरं, पण ब्राउझरचे दहा टॅब उघडलेत की मेमरी तेच संपवतात, डिस्ट्रो कुठलीही असो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवलीत, तर कोणत्याही डिस्ट्रोपेक्षा मोठा फरक दिसेल. पैसे खर्चायचेच असतील तर तिथे खर्चा. आणि यंत्र अगदीच जुनं, ३२ बिटांचं असेल, तर वाटा आता अरुंद झाल्यात. डेबियननंही १३ व्या आवृत्तीपासून अशा पीसीवर नव्यानं बसवायची सोय काढून टाकली.

यंत्राशी पटतं का?

विंडोजमध्ये ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण कसं चालवायचं हे सांगणारा प्रोग्रॅम, कंपनीच्या साइटवरून आणायची सवय असते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. म्हणून पाच-सात वर्षं जुन्या लॅपटॉपवर सगळं आपोआप चालू होतं आणि लोक चकित होतात. याची दुसरी बाजू अशी, की काल दुकानात आलेल्या लॅपटॉपच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर दोन वर्षांपूर्वी गोठवलेल्या कर्नलमध्ये कुठून असणार? जुन्या यंत्राला काहीही चालतं. अगदी नव्याला फेडोरा किंवा उबुंटूची ताजी एलटीएस बरी. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असेल तर कंपनीचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. उबुंटू आणि मिंटमध्ये त्यासाठी तयार खिडकी आहे.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा करून पाहावं. डिस्ट्रोची फाइल उतरवायची, रुफस किंवा एचरसारख्या साधनानं ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवायची (पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं), संगणक चालू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, ज्या कंपनीची जी असेल ती कळ दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करायचा. याला लाइव्ह म्हणतात. हार्ड डिस्कला हातही न लावता आख्खी प्रणाली समोर येते.

उतरवलेल्या फाइलचा ठसाही पडताळून घ्या. २० फेब्रुवारी २०१६ ला हल्लेखोरांनी मिंटच्या वेबसाइटमध्ये घुसून उतरवण्याचा दुवाच बदलला होता आणि लोकांच्या हाती चोरदरवाजा असलेली प्रत पडत होती. साइट आपला एसएचए२५६ ठसा जाहीर करते. तो आणि तुमच्या फाइलचा ठसा अक्षरशः सारखा हवा. ठशांच्या यादीवरची सही तपासली तर आणखी उत्तम, कारण साइटच ज्याच्या हाती गेली तो ठसाही बदलू शकतो.

चौकट : लाइव्ह चालू असताना हे पाहून घ्या
वायफाय जोडलं जातं का, आणि दुसऱ्या खोलीत टिकतं का.
आवाज येतो का. हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो का.
झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. इथेच सर्वांत जास्त यंत्रं नापास होतात.
प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं, कॅमेरा.
घरातला प्रिंटर जोडून एक पान प्रत्यक्ष छापून.

प्रिंटरची ओळ गंमत म्हणून घातलेली नाही. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षं इमानानं चालणारे काही लेझर प्रिंटर कंपनीच्या खासगी भाषेतच बोलतात आणि लिनक्सवर रडवतात. नवे वायफायचे प्रिंटर बहुधा न बोलता चालतात.

मराठी आणि रोजची कामं

वाचायला काही करावं लागत नाही. युनिकोड मराठी सगळीकडे नीट दिसतं. लिहायला इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड तयार असतो. ज्यांना तो येतो त्यांना विंडोज आणि लिनक्स यांत फरकच कळणार नाही : के दाबलं की क, जे दाबलं की र, डी दाबलं की हलन्त. रोमन अक्षरांतून मराठी उमटवायचं असेल तर 'आयबस' आणि 'एम१७एन' ही दोन पॅकेजं कोठारातून घ्यायची. मग मराठीखाली फोनेटिकसह काही पर्याय येतात, त्यात अनेक मराठी लिहिणाऱ्यांच्या बोटांत बसलेलं गमभनही आहे.

अडचण जुन्या फाइलींची. श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर आतून युनिकोड नसतो. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी चेहरे बसवलेले असतात. तो फाँट नसलेल्या कुठल्याही संगणकावर उघडलात, तर टोप्या-शेंड्या लावलेली रोमन अक्षरं दिसतात. डीटीपीचा व्यवसाय असेल, कोरलड्रॉ लागत असेल, तर लिनक्सच्या वाटेला जाऊच नये, निदान त्या संगणकावर तरी. टॅली वापरणाऱ्या दुकानदारालाही मी हेच सांगेन. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन नावाचं साधन आहे, पण मार्चअखेरीच्या हिशोबासाठी त्याच्या भरवशावर राहू नये. डिजिटल सहीचा डोंगल असेल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे आधी विचारावं. बँक, वीजबिल, रेल्वेचं तिकीट, यूट्यूब, मेल ही सगळी कामं ब्राउझरमधली. तिथे काही अडत नाही.

मेस बंद पडली तर?

हा प्रश्न फार थोडे विचारतात. इंटेलनं स्वतः बांधलेली क्लिअर लिनक्स ही वेगवान डिस्ट्रो जुलै २०२५ मध्ये थांबवली. सूचना आणि अपडेट बंद, जवळपास एकाच वेळी. रेड हॅटच्याच घराण्यातल्या सेंटओएस ८ या डिस्ट्रोला २०२९ पर्यंत पाठिंबा मिळणार असं गृहीत धरून लोकांनी यंत्रं लावली होती. रेड हॅटनं डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं की तो २०२१ अखेर संपेल. एके काळी नवख्यांची लाडकी असलेली मँड्रिव्हा २०१५ मध्ये कंपनीसकट बुडाली. पाठीशी मोठी कंपनी असणं म्हणजे खात्री, असं काही नाही. मी तीन गोष्टी पाहतो : डिस्ट्रो दहा वर्षं तरी टिकलेली आहे का, ती चालवणारे एका माणसापेक्षा जास्त आहेत का, आणि ती कोणत्या कोठारावर उभी आहे. देखणे फोटो टाकणारी गेल्या वर्षीची डिस्ट्रो या तिन्हींत बहुधा नापास होते.

मग कोणतं?

मामांसाठी मिंट, सिनॅमनवालं. मेमरी ४ जीबी किंवा कमी असेल तर एक्सएफसीईवालं. बसवतानाच व्हिडिओ-गाण्यांचे कोडेक हवेत का असं विचारतं, तिथे खूण करायची, म्हणजे पहिल्याच दिवशी 'गाणं वाजत नाही' म्हणून फोन येत नाही. भाच्याला नवा लॅपटॉप मिळाला असेल आणि प्रोग्रॅमिंग शिकायचं असेल तर फेडोरा. मात्र तिथे काही कोडेक आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर बाहेरच्या कोठारातून आणावे लागतात. शाळेच्या दहा संगणकांवर बसवून पाच वर्षं विसरायचं असेल तर उबुंटू एलटीएस किंवा डेबियन. आर्च पहिलं म्हणून नको. पण आर्चची विकी मात्र कुठलीही डिस्ट्रो वापरणाऱ्यानं जरूर वाचावी, लिनक्सबद्दल इतकं नेमकं लिहिलेलं दुसरीकडे क्वचितच सापडतं.

आणि या सगळ्यावर मात करणारा एक नियम आहे. तुमच्या गल्लीत, ऑफिसात, नात्यात कोणी एखादी डिस्ट्रो दोन-तीन वर्षं विनातक्रार वापरत असेल, तर डोळे मिटून तीच घ्या. रविवारी सकाळी फोन उचलणारा माणूस सत्तर हजार पॅकेजांपेक्षा कामाचा.

बसवताना दोनच जागी सावध राहायचं. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स हवं असेल, तर आधी विंडोजमध्ये जाऊन डिस्कला बिटलॉकरचं कुलूप आहे का ते पाहा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. दुसरी जागा म्हणजे डिस्क पुसून लिनक्स बसवण्याचा पर्याय. तो आख्खी डिस्क पुसतो, विंडोज आणि फोटोंसकट, आणि 'होय' म्हटल्यावर मागे फिरता येत नाही. मिंटमध्ये पुढे टाइमशिफ्ट नावाचं साधन मिळतं, ते पहिल्याच दिवशी चालू करावं. एखादं अपडेट बिघडलं तर ते प्रणाली कालच्या स्थितीला नेऊन ठेवतं. घरचे फोटो आणि कागदपत्रं मात्र ते सहसा धरत नाही; त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी घ्यायची.